ओहमची वाकडी रेघ

गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाचा नववीत आहे. विज्ञानाचं पुस्तक पुढ्यात घेऊन गणितं सोडवत बसला होता. २२० व्होल्ट, ४४ ओहम, तर करंट किती? भागिले, ५ अँपिअर, पुढचं गणित. ६ व्होल्ट, १२ ओहम, अर्धा अँपिअर, पुढचं. दहा मिनिटांत पंधरा गणितं उडवली पठ्ठ्याने. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "मामा, हे तर नुसतं भागाकार आहे. याला कोणीतरी शोध लावला असं का म्हणतात? आणि त्याचं नाव कशाला द्यायचं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. चार वर्षं इंजिनीअरिंग केलंय, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "जेवण झाल्यावर सांगतो" असं म्हणून वेळ मारून नेली. रविवारचा अख्खा दिवस मग त्यातच गेला. म्हणून हा लेख.

पण आधी एक कबुली.

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल असतं. व्होल्टेज वाढवत जायचं, करंट मोजायचा, ग्राफ काढायचा, सरळ रेघ आली पाहिजे. आमच्या टेबलावरचा रेझिस्टन्स जळालेला होता, म्हणून लॅब असिस्टंटने एक छोटा बल्ब आणून दिला. "यावर घ्या, काय फरक पडतो?" फरक पडला. रेघ वाकडी आली. सुरुवातीला झपाझप वर चढायची आणि मग आडवी व्हायला लागायची. आम्ही चौघांनी दोनदा रीडिंग्ज घेतली. दोन्ही वेळा वाकडी. मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. सीनियरचं जर्नल मागवलं, त्यातली रीडिंग्ज पॉइंटात इकडेतिकडे करून उतरवली, सुरेख सरळ रेघ काढली, सही घेतली, चहा प्यायला गेलो. दहापैकी नऊ मार्क मिळाले.

ही गोष्ट मी पार विसरलो होतो. ओहमविषयी वाचता वाचता आठवली आणि जरा लाजच वाटली. का, ते पुढे येईलच.

तर भाच्याचा प्रश्न. हे एवढं सोपं असताना शोध कसला?

जरा १८२५ सालात जाऊन बघा. व्होल्टाने आपली बॅटरी १८०० साली जगापुढे आणली होती. करंट जवळ आला की चुंबकसुई हलते हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं होतं. बस्स. 'व्होल्ट' नावाचं एकक नाही, 'अँपिअर' नाही, 'ओहम' तर नाहीच. दुकानातून आणायला मीटर नाही. बॅटरीत जो काही 'जोर' आहे आणि तारेतून जे काही 'वाहतंय' त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लोकांना धड स्पष्ट नव्हतं. आपण भागाकार करतो कारण कोणीतरी आपल्याला दोन आकडे आयते दिलेले असतात. त्या काळात ते आकडेच नव्हते. भागायचं काय आणि कशाने?

गेऑर्ग सिमॉन ओहम १७८९ साली एर्लांगेन या गावी जन्मला. वडील कुलपं बनवणारे. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण स्वतःच्या बळावर गणित शिकले आणि दोन्ही पोरांना शिकवलं. (धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला.) गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली. सोळाव्या वर्षी हा युनिव्हर्सिटीत दाखल झाला आणि तिथे काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स. वडील भडकले आणि पोराला स्वित्झर्लंडला पाठवून दिलं. तिथे तो एका शाळेत गणित शिकवू लागला. (हे वाचून मला तो एकदम आपला वाटायला लागला. आमच्या हॉस्टेलवर फक्त बिलियर्ड्सच्या जागी कॅरम होता.) १८११ मध्ये परत येऊन डॉक्टरेट मिळवली, पण बरी नोकरी काही मिळेना. शेवटी भूमितीवर एक पुस्तक लिहून प्रशियाच्या राजाकडे पाठवलं आणि १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत गणित-विज्ञानाचा मास्तर म्हणून लागला.

या शाळेत एक गोष्ट बरी होती. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चांगली होती. आणि कुलपं करणाऱ्याच्या पोराला उपकरणं हाताळायला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

१८२५ मध्ये त्याने प्रयोग सुरू केले. कल्पना साधी. बॅटरीला वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडायच्या आणि शेजारच्या चुंबकसुईवरचा जोर किती कमी होतो ते बघायचं. जितकी तार लांब तितका जोर कमी, हे दिसत होतंच. पण कोणत्या हिशेबाने कमी? त्याने आकडे घेतले, त्यांच्यावर एक सूत्र बसवलं आणि छापूनही टाकलं. त्या सूत्रात लॉगॅरिदम होता.

म्हणजे ओहमने छापलेला पहिला 'ओहमचा नियम' चक्क चुकीचा होता! हे आपल्याला कोणी शाळेत सांगत नाही.

चुकलं कुठे? बॅटरीत. त्या काळच्या बॅटरीचा जोर स्थिर राहायचाच नाही. करंट वाहायला लागला की रासायनिक क्रियेमुळे पत्र्यांवर वायूचा थर वगैरे जमायचा आणि जोर पडायचा. तार काढून ठेवली की परत थोडा वर यायचा. म्हणजे एक रीडिंग घेऊन दुसऱ्याकडे वळेपर्यंत खालची जमीनच सरकलेली. तुम्ही सर्व्हरचा परफॉर्मन्स मोजताय आणि त्याच वेळी त्यावर दुसरं कोणीतरी भलताच जॉब चालवतंय, असली गत. आकडे येतात, पण ते कशाचे आहेत ते कळत नाही.

आता पोगेनडॉर्फ नावाचा माणूस येतो. हा 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकाचा संपादक. त्याने ओहमला सुचवलं की बॅटरी सोडून दे, थर्मोकपल वापर. १८२१ साली झीबेकला असं आढळलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे तुकडे टोकांना जोडले, एक जोड गरम आणि दुसरा थंड ठेवला, की त्यातून करंट वाहतो. हा करंट अगदी क्षीण, पण एक मोठा गुण. तापमानातला फरक बदलला नाही तर जोरही बदलत नाही. आणि न बदलणारं तापमान फुकट मिळतं. एका भांड्यात उकळतं पाणी, दुसऱ्यात बर्फ!

ओहमने तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचं थर्मोकपल केलं. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. चुंबकसुई सोन्याच्या पातळ पट्टीला टांगली. करंट सुईला बाजूला ढकलणार, मग वरून पट्टीला पीळ देऊन सुई परत जागेवर आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते वाचायचं. जितका पीळ, तितका करंट. हा त्याचा अँमीटर. तांब्याच्या आठ तारा घेतल्या : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या.

८ जानेवारी १८२६ ची रीडिंग्ज अशी आहेत : ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५, ४८.५.

यावर त्याने जे सूत्र बसवलं ते असं :

पीळ = अ ÷ (ब + तारेची लांबी)

यात अ म्हणजे ७२८५ आणि ब म्हणजे २०.२५. मी रविवारी दुपारी हे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकले (सवय!). सूत्रातून अनुक्रमे येतात ३२७.४, ३००.४, २७७.५, २४०.८, १९०.५, १३४.३, ८४.५ आणि ४८.५. उकळतं पाणी, बर्फ, सोन्याची पट्टी आणि एक शाळामास्तर एवढ्या सामग्रीवर कुठेही दीड टक्क्यापेक्षा जास्त फरक नाही. मी खुर्चीत जरा मागे टेकून बसलो.

पण माझी नजर चौथ्या आकड्यावर अडकली. १० इंची तार. सूत्र म्हणतंय २४०.८, रीडिंग आहे २३८.२५. तो २४० करून टाकला असता तर कोणाला कळणार होतं? दोनशे वर्षांनी स्प्रेडशीट उघडून बसलेल्या मलासुद्धा नाही. त्याने तो २३८.२५ च ठेवला. आणि आमची मात्र चार जणांची टीम बल्बची रीडिंग्ज बदलून चहाला गेली होती. असो.

पुढे त्याने तापमानातला फरक कमी करून तोच प्रयोग केला. आता 'अ' खूप कमी झाला, पण 'ब' तेवढाच राहिला. म्हणजे दोन्ही गोष्टी स्वच्छ वेगळ्या झाल्या. 'अ' हा उगमाचा जोर, आज आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो तो. कंसातली बेरीज हा अडथळा. त्यातली 'लांबी' म्हणजे बाहेरच्या तारेचा अडथळा. आणि 'ब' म्हणजे खुद्द उगमाचा, थर्मोकपलच्या स्वतःच्या अंगचा अडथळा.

हा 'ब' मला सगळ्यात भारी वाटतो, कारण शाळेच्या गणितात आपण तो गाळून टाकतो. एक साधा हिशोब बघा. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. आठ सेल एकापुढे एक लावले की १२ व्होल्ट. गाडीची बॅटरीही १२ व्होल्टची. मग आठ सेलवर गाडी का सुरू होत नाही? कारण प्रत्येक सेलच्या पोटात ढोबळमानाने ०.२ ओहमच्या आसपास अडथळा असतो. आठांचा मिळून दीड ओहम धरा. बाहेर काहीही जोडा, अगदी जाड तार लावून शॉर्ट करा, तरी १२ ÷ १.५ म्हणजे ८ अँपिअरच्या वर करंट जाणारच नाही. गाडीच्या स्टार्टरला शंभराहून जास्त लागतात. गाडीच्या बॅटरीचा आतला अडथळा ओहमच्या शंभराव्या हिश्श्याच्या घरात असतो, म्हणून ती ते देऊ शकते. दोन्हीकडे व्होल्टेज तेच, फरक सगळा 'ब'चा.

इथे थोडं विषयांतर करतो. ओहमच्या आधी ४५ वर्षं, १७८१ मध्ये, इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशला हाच नियम सापडला होता. ना बॅटरी, ना चुंबकसुई. काचेच्या नळ्यांत मिठाचं पाणी भरून त्यातून तो लायडन जारची वीज स्वतःच्या अंगातून जाऊ द्यायचा आणि झटका किती जोराचा बसला यावरून अंदाज बांधायचा. स्वतःच मीटर! पण गडी इतका भिडस्त की छापलंच नाही. कागद पडून राहिले. मॅक्सवेलने ते शोधून, तपासून १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, तोवर ओहमचं नाव नियमाला चिकटून गेलं होतं. भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. नाव त्याचं लागतं जो आकडे घेतो आणि लोकांसमोर मांडतो.

अर्थात मांडून लगेच काही मिळतं असं नाही. ओहमने अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा काढली, बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये पुस्तक काढलं. त्याची अपेक्षा होती की आता एखाद्या युनिव्हर्सिटीत जागा मिळेल. पुस्तकात त्याने फूरिएच्या उष्णतेच्या गणिताचा आधार घेतला होता. गरम टोकाकडून थंड टोकाकडे उष्णता वाहते तशी तारेतून वीज वाहते, असा विचार. विचार बरोबर, पण पुस्तक गणिताने ठासून भरलेलं आणि ज्या प्रयोगांवर सगळं उभं होतं ते त्यात मागेच राहिले. प्रयोग करणाऱ्यांना गणित झेपेना. निसर्गाची तत्त्वं शुद्ध विचारातून काढायची अशा मताच्या मंडळींना असलं तारा मोजणं क्षुल्लक वाटे. पोल नावाच्या एका प्राध्यापकाने पुस्तकाची सालटी काढली. हवी ती जागा मिळाली नाही. १८२८ मध्ये ओहमने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्या करत काढली. वय चाळिशीच्या आसपास. आज ज्याचं नाव नववीतल्या प्रत्येक पोराच्या वहीत आहे तो माणूस!

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये काम मिळालं. मधल्या काळात फेक्नरने जर्मनीत भरपूर प्रयोग करून नियम पक्का ठरवला. मग १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोपली मेडल दिलं. १८४३ मध्ये व्हीटस्टोनने इंग्रजांना हा नियम नीट उलगडून सांगितला. ओहमला आयुष्यभर हवी असलेली जागा, म्हणजे म्युनिक युनिव्हर्सिटीतली भौतिकशास्त्राची प्राध्यापकी, मिळाली १८५२ मध्ये. १८५४ च्या जुलैत तो गेला. म्हणजे दोन वर्षं.

नियमाची खरी किंमत कळली ती नंतर, समुद्रात. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. सिग्नल क्षीण येतो म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थाने (पेशाने डॉक्टर!) तिच्यावर जवळजवळ २००० व्होल्ट सोडले. आधीच कमकुवत झालेली तार काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. केवढा पैसा बुडाला. मग चौकशी झाली आणि लोकांच्या लक्षात आलं की अडथळा मोजायला सगळ्यांचं मिळून एक ठरलेलं माप तरी हवं. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. त्याच सुमारास एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत ही सूचना पुढे आली आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावं आंतरराष्ट्रीय झाली.

आपल्या मुंबईचा संबंध इथे येतो. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली. अशी तार मध्येच बिघडली तर कुठे शोधायची? अरबी समुद्रात बुडी मारून? इथे आपला भागाकार. तारेचा दर किलोमीटरचा अडथळा आधीच मोजून ठेवलेला असतो. समजा तो ३ ओहम आहे. किनाऱ्यावर बसून ठरावीक व्होल्टेज लावायचं, करंट बघायचा, भागायचं. उत्तर ९०० ओहम आलं तर दोष साधारण ३०० किलोमीटरवर. (प्रत्यक्षात तुटक्या जागेचा स्वतःचा अडथळाही हिशोबात धरावा लागतो. म्हणजे परत एक 'ब'!) मग जहाज तिथे जाणार, आकडा टाकून तार वर ओढणार आणि जोडणार.

एवढं सगळं वाचून मी रविवारी संध्याकाळी परत ताईकडे गेलो. वाटेत आठ पेन्सिल सेल आणि स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घेतला. मल्टिमीटर माझ्याकडे होताच. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसलो. ताई म्हणाली, "काही जाळू नका म्हणजे झालं."

दोन सेलवर करंट आला ०.३९ अँपिअर. चार सेलवर ०.५६. आठ सेलवर ०.८१. भाच्याने ग्राफ काढला. रेघ वाकडी. तीच, माझ्या लॅबमधली.

"मामा, आपलं चुकलं," असं म्हणून त्याने खोडरबर उचललं.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब, आधी थंड बल्बचा रेझिस्टन्स मोज. दीड ओहमही भरला नाही. मग आठ सेलवर बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोज. १२.६ असायला हवं होतं, साडेअकराच्या खाली उतरलं होतं. "बाकीचं कुठे गेलं?" "सेलच्या आत," तो जरा विचार करून म्हणाला. ब! आता ११.४ भागिले ०.८१. चौदा ओहम. दीडाचे चौदा कसे झाले? तो बल्बकडे बघत राहिला. मग बोट लावायला गेला आणि चटका बसून ओरडला, "गरम होतंय ते!"

मग पुस्तक उघडून नियम परत वाचायला लावला. 'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' असे शब्द त्यात आहेत. पाठ करताना आपण ते मंत्रासारखे म्हणून पुढे जातो. तार तापली की अवस्था बदलली, अडथळा वाढला, रेघ वाकली. नियम मोडला नाही, पण त्याची अट मोडली. ओहमची १८२५ ची रेघ बॅटरीने वाकवली होती, आमची बल्बच्या तापण्याने. फरक एवढाच की त्याने का वाकली ते शोधलं आणि आम्ही खोडून टाकली. तेव्हा कोणी तरी "थांब" म्हणायला हवं होतं. किंवा खरं तर आम्हीच थांबायला हवं होतं.

भाच्याने वहीत वाकडी रेघ तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, 'बल्ब गरम झाल्यामुळे.' शाळेत बाईंनी यावर किती मार्क दिले ते कळलं की सांगेन.